डेव्हिड डेव्हिस आणि वेल्सचा कोळसा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे डेव्हिड डेव्हिस नेमके कोण?

एकोणिसाव्या शतकात वेल्समध्ये कोळशाच्या खाणी काढून मोठे झालेले उद्योजक. जन्म १८ डिसेंबर १८१८, मृत्यू २० जुलै १८९०. मध्य वेल्सच्या माँटगोमेरीशर परगण्यात सेव्हर्न नदीकाठी लानडिनम नावाचं गाव आहे. त्या गावावरच्या डोंगरउतारावर एका लहानशा शेतावर ते जन्मले. वेल्समध्ये या नावाची माणसं इतकी आहेत की पुढे गाव लावल्याशिवाय पत्ता लागत नाही, म्हणून त्यांना आजही 'लानडिनमचे डेव्हिड डेव्हिस' म्हणतात.

बहुतेक ठिकाणी त्यांची ओळख 'रंकाचा राव झाला' एवढ्यावर उरकलेली दिसते. मला ती अपुरी वाटते. कोळसा सापडणं हा त्यांच्या आयुष्याचा मधला टप्पा होता. त्याच्या आधी वीस वर्षं ते पूल, रस्ते आणि रेल्वेमार्ग बांधत होते आणि त्याच्यानंतर वीस वर्षांनी त्यांनी एक अख्खं बंदर उभं केलं. जमिनीच्या पोटात काय आहे, किती आहे याचा अंदाज बांधायचा आणि ते बाहेर न्यायची वाट करायची, हे त्यांचं कसब. खालच्या बहुतेक उत्तरांत तेच पुन्हा पुन्हा दिसेल.

घरची परिस्थिती कितपत गरिबीची होती?

उपासमारीची नव्हती, पण ओढाताणीची होती. वडील डोंगराळ जमिनीवर शेती करत आणि जोडीला लाकूड चिरून विकत. नऊ भावंडांत डेव्हिड थोरले. अकराव्या वर्षी शाळा सुटली आणि ते वडिलांबरोबर कामाला लागले. १८४६ मध्ये वडील वारले. अठ्ठाविशीही न गाठलेल्या मुलावर आई, भावंडं आणि शेत, सगळं येऊन पडलं.

अकरा वर्षांपर्यंतचं शिक्षण म्हणजे लिहिणं, वाचणं आणि हिशेब. पुढे लाखो टनांचे व्यवहार त्यांनी त्याच जोरावर केले. हिशेब मात्र पक्का होता, आणि तो शाळेपेक्षा लाकडाच्या धंद्यातच जास्त घोटला गेला.

त्यांना 'टॉप सॉयर' का म्हणतात?

यासाठी त्या काळी लाकूड कसं चिरत ते समजून घ्यावं लागेल. जमिनीत माणूसभर खोल खड्डा खणायचा. त्यावर ओंडका आडवा ठेवायचा. एक माणूस ओंडक्यावर उभा राहतो, दुसरा खाली खड्ड्यात. दोघांच्या मध्ये एक लांब करवत. वरचा ती वर खेचतो, खालचा खाली ओढतो. खालच्याच्या डोळ्यांत, केसांत, शर्टाच्या आत दिवसभर भुसा पडत राहतो. वरच्याला भुसा लागत नाही, पण जबाबदारी सगळी त्याची. खुणेची रेघ त्यालाच दिसते. करवत रेघेवरून बोटभर हलली तर फळी वाकडी निघते आणि ओंडका वाया जातो. हा वरचा माणूस म्हणजे टॉप सॉयर. डेव्हिस यांनी हे काम वर्षानुवर्षं केलं आणि नाव आयुष्यभर चिकटलं. त्यांनाही ते आवडत असे.

माझ्या मते हे नाव कौतुकापुरतं नाही, त्यात त्यांची पुढची सगळी कारकीर्द आहे. लाकडाच्या धंद्यात नफा करवतीवर ठरत नाही, झाड विकत घेताना ठरतो. झाड उभं आहे, साल शाबूत आहे, आतून पोकळ आहे की भरीव, किती फळ्या पडतील, वाहून न्यायला किती घोडे लागतील, हे बाहेरून बघून सांगायचं आणि त्यावर पैसे लावायचे. दुसऱ्यांनी नको म्हटलेला एक अवाढव्य ओक त्यांनी विकत घेतला आणि त्यावर भरघोस कमावलं, अशी गोष्ट लानडिनममध्ये सांगत आले आहेत. पुढे डोंगर कापताना आणि खाण खणताना त्यांनी हेच केलं, आकडे तेवढे मोठे झाले.

लाकूड चिरणारा माणूस रेल्वेचा ठेकेदार कसा झाला?

एका पुलामुळे. १८४६ मध्येच लानडिनमला सेव्हर्नवर ओतीव लोखंडाचा पूल बांधायचं ठरलं. परगण्याचे सर्व्हेअर टॉमस पेन्सन यांनी डेव्हिस यांना पायाचं आणि पुलाकडे जाणाऱ्या भरावाचं काम दिलं. ते नीट झालं, आणि मग रस्ते, भराव, आणखी कामं मिळत गेली. तो पूल आजही तिथे आहे.

नंतर रेल्वे आली. मोठ्या कंपन्यांना मध्य वेल्सच्या डोंगरांत रस नव्हता, म्हणून स्थानिक लोकांनी भाग भांडवल गोळा करून छोटे छोटे मार्ग काढले, आणि त्या कामांना स्थानिक ठेकेदार लागले. डेव्हिस आणि त्यांचे भागीदार टॉमस सॅव्हिन यांनी १८५८ मध्ये व्हेल ऑफ क्लुइडचा मार्ग पुरा केला. १८५९ मध्ये लानिडलोइस ते न्यूटाउन हा मार्ग सुरू झाला. तो देशातल्या बाकी रेल्वेला कुठेच जोडलेला नव्हता, त्यामुळे इंजिनं घोडे लावून रस्त्याने ओढत आणावी लागली!

त्यांचं सर्वांत गाजलेलं काम तालेर्दिगचं. न्यूटाउन ते मॅकिनलेथ या मार्गावर खडकाळ डोंगर आडवा येतो. तिथे डेव्हिस यांनी वरून खाली सरळ खिंड कापली, १२० फूट खोल. त्या वेळी जगात रेल्वेसाठी इतकी खोल खिंड कुठेच नव्हती. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. खिंडीतून निघालेला दगड त्यांनी फेकला नाही, त्याच मार्गावरचे पूल आणि स्टेशनं बांधायला वापरला. ओंडक्यातला चुराही वाया जाऊ द्यायचा नाही, ही लाकडाच्या वखारीतली सवय इथेही दिसते. हा मार्ग १८६३ च्या जानेवारीत सुरू झाला. त्याच वर्षी पेंब्रोक-टेन्बी मार्गही चालू झाला.

खाणीसाठी भांडवल कुठून आलं? वारसा की कर्ज?

रेल्वेच्या ठेक्यांतून कमावलेला पैसा, आणि पुढे भागीदारांचा हिस्सा. वारसा काहीच नव्हता.

त्या काळी छोट्या रेल्वे कंपन्यांकडे रोकड नसे. त्या ठेकेदाराला मजुरीऐवजी स्वतःचे शेअर देत. मार्ग चालला तर पैसा, नाही चालला तर रद्दी. सॅव्हिन यांना या खेळात गोडी होती. मार्ग बांधायचे, वर ते भाड्याने घेऊन चालवायचेही, आणि जोडीला हॉटेलं काढायची, असा त्यांचा पसारा वाढत गेला. डेव्हिस १८६० मध्ये या भागीदारीतून बाहेर पडले. १८६६ च्या सुरुवातीला सॅव्हिन यांचं दिवाळं निघालं.

ही तारीख लक्षात ठेवा. डेव्हिस यांच्या खाणीत कोळसा लागला तो १८६६ च्या मार्चमध्ये. आणि मे महिन्यात लंडनची ओव्हरएंड गर्नी ही पेढी बुडाली, तेव्हा साऱ्या इंग्लंडात कुणी कुणाला उधार द्यायला तयार होईना. कोळसा आणखी तीन महिने लांबला असता तर डेव्हिसही त्या लाटेत गेले असते, असं मला वाटतं. 'कष्टाचं फळ' म्हणताना नशिबाचा एवढा हिस्सा मोजायलाच हवा.

रोंदा खोरंच का निवडलं?

आधी उच्चाराबद्दल. इंग्रजी स्पेलिंग वाचून बरेच जण 'ऱ्होंडा' म्हणतात; वेल्श माणसांच्या तोंडून ते 'रोंदा'च्या जवळचं ऐकू येतं.

दक्षिण वेल्सच्या या अरुंद खोऱ्यात १८५० पर्यंत मेंढ्या आणि ओकची झाडं, एवढंच होतं. कोळसा आहे हे ठाऊक होतं, पण चांगला वाफेचा कोळसा, म्हणजे बॉयलरखाली जाळायचा, फार खोल असावा अशी समजूत होती. १८५५ च्या डिसेंबरमध्ये खोऱ्याच्या वरच्या टोकाला असलेल्या ट्रेहर्बर्टहून वाफेच्या कोळशाची पहिली गाडी कार्डिफला गेली, आणि मग सगळ्यांची नजर इकडे वळली.

डेव्हिस १८६४ मध्ये आले. कुमपार्क आणि टॉन या भागातल्या जमिनीखालच्या कोळशाचे हक्क त्यांनी लोखंडाचे मोठे कारखानदार क्रॉशे बेली यांच्याकडून भाडेपट्ट्याने घेतले. तिथली पद्धत अशी: जमीनमालक खाण काढत नसे. तो पट्टा देई, ठरावीक वार्षिक भाडं घेई आणि शिवाय निघालेल्या दर टनामागे रॉयल्टी घेई. खणायचा खर्च आणि धोका सगळा पट्टेदाराचा. काहीच सापडलं नाही तरी मालकाचं भाडं चुकत नाही. म्हणजे उभ्या झाडाचा सौदा, फक्त इथे झाड दिसतही नव्हतं.

अर्ध्या क्राउनची गोष्ट खरी आहे का?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर सांगते.

१८६४ च्या अखेरीस दोन ठिकाणी शाफ्ट खणायला सुरुवात झाली, पार्क आणि माइन्डी. शाफ्ट म्हणजे विहिरीसारखा उभा, गोल खड्डा. खडकात हाताने भोकं पाडायची, त्यांत सुरुंगाची दारू ठासायची, उडवायची, धूर ओसरला की उतरून दगड मोठ्या बादलीत भरायचा आणि वर खेचायचा. मधल्या थरांतून पाणी झिरपत असतं, ते उपसत राहायचं. बाजू ढासळू नयेत म्हणून वरून खाली दगडी चिरेबंदी करत जायचं. दिवसाला सरासरी दीडेक फूट प्रगती. असे पंधरा महिने गेले. खोली दोनशे मीटरच्या आसपास पोचली. आणि कोळशाचा पत्ता नव्हता.

गोष्ट अशी सांगतात. डेव्हिस यांनी माणसांना एकत्र बोलावलं आणि सरळ सांगितलं की पैसे संपले, पुढच्या आठवड्याची मजुरी देता येणार नाही. खिशात एवढाच अर्धा क्राउन उरलाय. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, मग तोही टाका इकडे! डेव्हिस यांनी नाणं त्यांच्याकडे फेकलं आणि ते निघून गेले. त्यानंतर माणसांनी आपसांत ठरवलं की आणखी एक आठवडा फुकट काम करायचं. त्या आठवड्यात कोळसा लागला.

पंधरा महिने, १८६६ चा मार्च आणि जवळपास आटलेला पैसा या गोष्टी पक्क्या आहेत. नाण्याचा प्रसंग लोकांच्या तोंडून आलेला आहे, आणि तोंडून आलेली गोष्ट घासून गुळगुळीत होतेच. अर्धा क्राउन म्हणजे अडीच शिलिंग, पौंडाचा आठवा हिस्सा. तो होता की आणखी चार नाणी होती, याने फरक पडत नाही. मला या गोष्टीत नाणं फेकणाऱ्यापेक्षा फुकटचा आठवडा देणारे जास्त दिसतात. ज्यांच्या घरी शनिवारच्या मजुरीवर चूल पेटायची, त्यांनी ती सोडली. असं माणूस फक्त ज्याचा शब्द आधी कधी खोटा पडलेला नाही त्याच्यासाठीच करतो. त्यातले कित्येक जण रेल्वेच्या कामांपासून त्यांच्याबरोबर असणार. त्यांची नावं कुठल्याही पुतळ्याखाली नाहीत, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

त्या कोळशात एवढं विशेष काय होतं?

तो वाफेचा कोळसा होता. जळताना धूर फार कमी, आच भरपूर, आणि राख थोडी. बॉयलरखाली टाकला की वाफ लवकर तयार होते आणि टिकते. जहाजाला हे सोन्यासारखं, कारण तेवढ्याच कोठारात जास्त अंतराचं इंधन मावतं. लढाऊ जहाजांना तर दुहेरी फायदा: क्षितिजावर धुराचा लोट दिसत नाही, शत्रूला सुगावा लागत नाही. म्हणून ब्रिटिश नौदल वेल्सच्या कोळशावर अडून बसे. डेव्हिस यांच्या खाणीतला माल 'ओशन मर्थर' या नावाने विकला जाई. एडन, मुंबईसारख्या बंदरांत आगबोटी ज्या कोळशावर भरत, त्यात वेल्सचा कोळसा असे.

त्यांच्या एकूण खाणी किती?

पार्क आणि माइन्डी या पहिल्या दोन. मग डेअर. त्यानंतर शेजारच्या ऑगमोर खोऱ्यात वेस्टर्न, १८७७ मध्ये ईस्टर्न, पुढे गार्व आणि १८८० च्या दशकात लेडी विंडसर. १८८७ मध्ये हा सगळा व्याप 'ओशन कोल कंपनी लिमिटेड' या नावाखाली आणला गेला. मालकांच्या निधनाच्या वेळी ती दक्षिण वेल्समधल्या सर्वांत मोठ्या कोळसा कंपन्यांत गणली जाई.

इतका कोळसा मिळत होता, मग स्वतःचं बंदर काढायची काय गरज?

कारण कोळसा विकायची वाट दुसऱ्याच्या ताब्यात होती.

रोंदातून समुद्राकडे जाणारा एकच रेल्वेमार्ग, टॅफ व्हेल रेल्वेचा. तो पोचायचा कार्डिफच्या गोद्यांत, आणि त्या गोद्या मार्क्विस ऑफ ब्यूट या उमरावांच्या इस्टेटीच्या. रेल्वे म्हणेल ते भाडं, गोदी म्हणेल तो दर. त्यातून गर्दी एवढी की वॅगनी मैलोन्‌मैल रांगेत उभ्या आणि बाहेर जहाजं माल भरायची वाट बघत नांगर टाकून. खाणीतून काढलेला कोळसा वॅगनमध्ये पडून राहिला की वॅगन अडकते, वॅगन अडकली की खाणीच्या तोंडाशी माल साचतो, आणि मग खाली माणसांना काम थांबवावं लागतं. जहाज एक दिवस थांबलं की त्याचाही दंड.

डेव्हिस आणि आणखी काही खाणमालकांनी ठरवलं की आपली रेल्वे आणि आपली गोदी काढायची. जागा निवडली बॅरी, कार्डिफच्या नैर्ऋत्येला. किनाऱ्यालगत बॅरी बेट होतं. बेट आणि किनारा यांच्यामधली खाडी बांध घालून बंद केली की गोदी तयार. इंजिनीअर होते जॉन वुल्फ बॅरी (गावाचं आणि त्यांचं आडनाव सारखं असणं हा निव्वळ योगायोग) आणि हेन्री मार्क ब्रुनेल, त्या प्रसिद्ध इसम्बार्ड ब्रुनेल यांचे चिरंजीव.

रेल्वे आणि गोदीसाठी पार्लमेंटचा कायदा लागे. १८८३ मध्ये विधेयक कॉमन्स या खालच्या सभागृहात पास झालं आणि लॉर्ड्स या वरच्या सभागृहाने फेटाळलं. ब्यूट इस्टेट आणि टॅफ व्हेल दोघांनी जीव तोडून विरोध केला होता. डेव्हिस तेव्हा पासष्टीला टेकलेले. त्यांनी पुढच्याच वर्षी पुन्हा विधेयक आणलं आणि १८८४ मध्ये ते मंजूर करून घेतलं. १४ नोव्हेंबर १८८४ ला लॉर्ड विंडसर यांच्या हस्ते पहिली कुदळ पडली. लॉर्ड विंडसर कंपनीचे अध्यक्ष, डेव्हिस उपाध्यक्ष. १८ जुलै १८८९ ला गोदी उघडली.

१८८१ मध्ये बॅरीची वस्ती शंभरच्या आत होती. १९०१ पर्यंत आसपासची खेडी धरून ती २७,००० झाली. १९१३ मध्ये बॅरीतून १.१ कोटी टन कोळसा बाहेर गेला, कार्डिफपेक्षाही जास्त. जगात कोळसा निर्यात करणारं त्याहून मोठं बंदर त्या वर्षी नव्हतं. डेव्हिस यांना ते बघायला मिळालं नाही. गोदी उघडल्यावर ते जेमतेम एक वर्ष जगले.

मला विचाराल तर त्यांचं सर्वांत मोठं काम हेच. कोळशाचा थर दुसरा कुणी शोधू शकला असता, आणि आजूबाजूला अनेकांनी शोधलाही. पण खाणीच्या तळापासून जहाजाच्या पोटापर्यंत सगळी साखळी एका डोक्यात धरणं, आणि त्यातली सर्वांत अवघड कडी म्हातारपणी हातात घेणं, हे फार थोड्यांना जमलं.

कामगारांशी त्यांची वागणूक कशी होती?

हा प्रश्न टाळून त्यांच्याबद्दल लिहिणं मला बरोबर वाटत नाही.

ते स्वतः अंगमेहनतीतून आलेले होते, माणसांना नावानिशी ओळखत, स्वतः कामावर हजर असत. हे सगळं खरं. पण ते मालक होते आणि मालकाच्याच बाजूने विचार करत. दक्षिण वेल्समध्ये खाणकामगाराला मजुरी मिळायची ती मोठ्या ढेकळांची. चुऱ्याचे पैसे सहसा मिळत नसत, जरी तो चुरा पुढे विकला जात असे. १८७५ मध्ये मोठी टाळेबंदी झाली. ती मिटली ती 'स्लायडिंग स्केल' या पद्धतीवर. कोळशाचा भाव चढला की मजुरी चढेल, उतरला की उतरेल. कागदावर न्याय्य वाटतं. पण भाव कामगार ठरवत नसतो. जहाजमालकांना स्वस्तात माल देऊन धंदा वाढवायचं मालकांनी ठरवलं की पगारात घट व्हायची ती खाली दोनशे मीटरवर कोळसा फोडणाऱ्याची.

आणि जीव तर रोजच टांगणीला. डेव्हिस रोंदात यायच्या आधी आठ वर्षं, १५ जुलै १८५६ ला, खोऱ्याच्या खालच्या भागात सिमर इथे वायूचा स्फोट होऊन ११४ माणसं आणि मुलं गेली. हो, मुलं. १८४२ च्या कायद्याने बायकांना आणि दहा वर्षांखालच्या मुलांना जमिनीखाली उतरायला बंदी केली होती. म्हणजे दहा वर्षांचा मुलगा उतरू शकत होता. ज्या वयात डेव्हिस वखारीत कामाला लागले, त्या वयात ही मुलं अंधारात हवेची दारं उघडत-मिटत बसायची.

१८६७ मध्ये ज्या डेव्हिसच्या खाणीत १७८ लोक मेले, ते हेच का?

नाही. हा घोटाळा मराठीत हमखास होतो, कारण दोन्ही आडनावं आपण सारखीच लिहितो. तो भीषण स्फोट ८ नोव्हेंबर १८६७ ला शेजारच्या खोऱ्यात फर्नडेल इथे झाला. ती खाण दुसऱ्या डेव्हिड डेव्हिस यांच्या घराण्याची. त्या आडनावात इंग्रजीत एक अक्षर कमी आहे. तेही स्वकष्टाने वर आलेले, मूळचे कापडदुकानदार. पण या दोन घराण्यांचा एकमेकांशी संबंध नाही.

ते दारू पीत नसत, रविवारी काम करत नसत, हे खरं का?

खरं. ते कॅल्व्हिनिस्टिक मेथडिस्ट पंथाचे, कट्टर. दारूला शिवत नसत आणि रविवार पाळण्याबाबत तडजोड नव्हती. लग्न १८५१ मध्ये मार्गारेट जोन्स यांच्याशी झालं. एकच मुलगा, एडवर्ड.

पार्लमेंटमधला डिझरायलीचा किस्सा काय आहे?

डेव्हिस १८७४ ते १८८६ लिबरल पक्षाचे खासदार होते, आधी कार्डिगनच्या शहरी मतदारसंघाचे, नंतर परगण्याचे. भाषणात आपण कसे शून्यातून वर आलो हे ते आवर्जून सांगत. त्यावर तेव्हाचे पंतप्रधान डिझरायली म्हणाले, सन्माननीय सदस्य आपल्या निर्मात्याची स्तुती करतायत हे ऐकून आनंद झाला. किस्सा मजेदार आहे, पण हाच टोला जॉन ब्राइट यांच्या नावावरही सांगतात. तेव्हा मी तो इतिहास म्हणून धरत नाही.

त्यांच्या राजकारणाचा शेवट मात्र चटका लावणारा आहे. १८८६ मध्ये लिबरल पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी आयर्लंडला स्वराज्य द्यायचा प्रस्ताव आणला. डेव्हिस यांना तो पटला नाही आणि ते पक्षाच्या विरोधात गेले. त्याच वर्षीच्या निवडणुकीत ते पडले, अवघ्या नऊ मतांनी. ज्यांच्या गावात त्यांनी रेल्वे नेली होती, त्यांच्यातल्याच नऊ जणांनी ठरवलं. ते त्यांना फार लागलं.

त्यांच्यानंतर या पैशाचं काय झालं?

मुलगा एडवर्ड १८९८ मध्ये गेला. मालमत्ता तीन नातवंडांकडे आली: डेव्हिड, ग्वेन्डोलिन आणि मार्गारेट.

दोघी बहिणींनी लग्न केलं नाही. पहिल्या महायुद्धात त्यांनी फ्रान्समध्ये त्र्वा इथे सैनिकांसाठी कँटीन चालवलं. चित्रं विकत घेण्याची आवड आधीपासूनची होती. मोने, रेन्वार, सेझान, व्हॅन गॉग. ब्रिटनमधल्या मोठमोठ्या संग्रहालयांनाही तेव्हा ही नावं पचत नव्हती, आणि या दोन धार्मिक, अबोल बायका ती शांतपणे घेत होत्या. १९२० मध्ये त्यांनी ग्रेगिनोग हॉल हा वाडा घेतला आणि तिथे संगीत आणि सुबक ग्रंथछपाई यांचं केंद्र केलं. ग्वेन्डोलिन १९५१ मध्ये गेल्या, मार्गारेट १९६३ मध्ये. दोघींनी मिळून २६० कलाकृती वेल्सच्या राष्ट्रीय संग्रहालयाला दिल्या. कार्डिफला गेलात तर रेन्वारची ती निळ्या पोशाखातली पॅरिसची तरुणी बघा. तिची किंमत रोंदाच्या कोळशातून आलेली आहे.

नातू डेव्हिड पहिल्या महायुद्धात लढले आणि नंतर उरलेलं आयुष्य युद्ध थांबवण्याच्या विचाराला दिलं. १९१९ मध्ये तिघा भावंडांच्या देणगीतून वेल्समधल्या ॲबरिस्टविथच्या कॉलेजात आंतरराष्ट्रीय राजकारणाचं अध्यासन सुरू झालं, जगातलं या विषयाचं पहिलं. त्याच कॉलेजचे आजोबा खजिनदार होते.

खाणी अजून चालू आहेत का?

नाहीत. १ जानेवारी १९४७ ला ब्रिटनमधल्या कोळसा खाणी सरकारी झाल्या. माइन्डी त्यानंतर लगेचच बंद पडली, पार्क आणि डेअर १९६६ मध्ये, लेडी विंडसर १९८८ मध्ये. १९११ मध्ये रोंदात दीड लाखावर लोक राहत होते. कोळशाच्या आधी ते चार हजारही नव्हते. १९९० च्या डिसेंबरमध्ये रोंदाच्या खोऱ्यातली शेवटची खाण, मार्डी, बंद झाली. खाणी गेल्या, पण डोंगरउतारावर एकमेकांना चिकटून उभ्या असलेल्या त्या दगडी घरांच्या रांगा आहेत, आणि त्यांत माणसं राहतात.

त्यांच्या आठवणीचं काही पाहायला मिळतं का?

तालेर्दिगच्या खिंडीतून आजही गाडी जाते. खिडकीपाशी बसा आणि दोन्ही बाजूंचा कातळ बघा. बॅरीला जुन्या गोदी कार्यालयासमोर आल्फ्रेड गिल्बर्ट यांनी घडवलेला त्यांचा पुतळा आहे. त्याचीच दुसरी प्रत लानडिनमला, त्या १८४६ च्या लोखंडी पुलाजवळ. पुतळ्यात ते हात उंचावून भाषण वगैरे करत नाहीत. डोकं उघडं, मान खाली, दोन्ही हातांत उलगडलेला कागद, आणि ते तो वाचतायत. कागद बॅरीच्या गोदीच्या आराखड्याचा आहे. लानडिनमला शेजारून सेव्हर्न वाहत असते, आणि त्यांचं लक्ष कागदातून निघत नाही.